दहावे नाणे

रविवारचा मराठी ख्रिस्तयाग आटोपला, की देवळाच्या आवारात थोडा वेळ गप्पांचे घोळके रेंगाळतात. कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते, कुणाचा मुलगा आखातात निघालेला असतो, कुणाच्या घरावर बिल्डरची नजर पडलेली असते. नाताळ सरून जानेवारी उजाडला, की या घोळक्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘‘पोर दिवसभर पुस्तक घेऊन बसतं हो सर, पण मार्क काही पडत नाहीत.’’ सांगणारी माउली खोटे बोलत नसते. पोर खरोखरच बसलेले असते. पुस्तकही समोर उघडे असते. शिकवणीची फी वेळेवर भरलेली असते, आणि संत अंतोनच्या चरणी नवसाची मेणबत्तीही लागलेली असते. तरीही सहामाहीला जिथे गाडी अडली, तिथेच ती पूर्वपरीक्षेला अडते.

मरोळच्या गावठाणात एका घराच्या ओटीवर संध्याकाळी दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. गेली काही वर्षे मी तिथे जातो. शिकवणी म्हणावी असे त्यात फारसे काही नाही. मुले आपापला अभ्यास करतात, अडले तर विचारतात. त्यामुळे मुले अभ्यास कसा करतात, हे निवांत पाहायला मिळते. एके दिवशी मी सगळ्यांची गणिताची पुस्तके मिटून एकावर एक रचली आणि त्यांच्या कडांकडे पाहिले. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाची पहिली दोन-तीन प्रकरणे हाताळून मळलेली होती; मागची पाने कोरी करकरीत. म्हणजे दर खेपेस अभ्यास पहिल्या पानापासून सुरू होई, येणारी गणिते पुन्हा सुटत, मनाला बरे वाटे, आणि अवघड प्रकरण येईपर्यंत जेवणाची हाक येई. एका मुलाला मी म्हटले, ‘‘अरे, हे तर तुला येतं.’’ तो आनंदाने म्हणाला, ‘‘येतं ना सर, म्हणून तर करतोय.’’ त्या उत्तरावर हसावे की विचार करावा, हे मला पटकन कळेना.

मोठी माणसे तरी निराळे काय करतात? आमच्या भागातील एक वयोवृद्ध गायनमास्तर नाताळच्या गीतांची तालीम घेत, तेव्हा गायकवृंदाचा आग्रह नेहमी एकच असे: गीत पहिल्यापासून म्हणू या. पहिले कडवे सुरेल जाई, दुसरेही जाई, आणि तिसऱ्यात एका ठरावीक वळणावर सगळा वृंद घसरे. मग पुन्हा पहिल्यापासून! अखेरीस मास्तर पेटीवर हात आपटून म्हणत, ‘‘जे येतं त्याची तालीम नको. त्या चार सुरांवर या.’’ मग ते चार सूर वीस वेळा घोटवून घेत. ते काम कंटाळवाणे होते. तरुण मुले कुरकुरत. पण मध्यरात्रीच्या मिस्साला तेच वळण अलगद पार पडे.

या बाबतीत एक शास्त्रीय प्रयोग सांगण्याजोगा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून, मिटून, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कितीतरी अधिक राहिले होते. गंमत अशी, की ‘आपल्या ध्यानात किती राहील’ असे विचारले असता पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचाच विश्वास अधिक होता. वाचलेले पुन्हा वाचताना ते ओळखीचे वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. रोज देवळात दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या ओळखीचा असतो. त्याचे नाव विचारले की आपण अडखळतो, तसेच हे. पुस्तक मिटून लिहिण्यात मान खाली जाते, कारण काय येत नाही ते लगेच उघडे पडते. म्हणूनच मुले ते टाळतात.

संत लूकच्या शुभवर्तमानात एका स्त्रीचा दाखला आहे. तिच्यापाशी दहा नाणी होती, त्यांतले एक हरवले. ती दिवा लावते, घर झाडते, आणि ते सापडेपर्यंत शोधते. पश्चात्तापी पाप्याविषयी प्रभूने सांगितलेला हा दाखला आपण प्रवचनांत अनेकदा ऐकला आहे. मला मात्र अलीकडे त्या स्त्रीचा शहाणपणा निराळ्या कारणाने भावतो. हातातली नऊ नाणी ती पुन्हा पुन्हा मोजत बसत नाही. आमची मुले रोज संध्याकाळी नऊ नाणी मोजतात, आणि आम्ही पालक त्या खणखणाटालाच अभ्यास समजतो.

पण हरवलेले नाणे शोधायचे, तर ते कोणते हे ठाऊक हवे. इथे आपल्या बोलण्यातली एक सवय आड येते. ‘‘आमचा मुलगा गणितात कच्चा आहे,’’ असे आपण सहज म्हणून जातो. हे निदान नव्हे, हा शिक्का आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘मी प्रकृतीत कच्चा आहे’ असे सांगितले तर तो काय औषध देणार? प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत कॅटेकिझमच्या बाईंनी आपल्याला पापनिवेदन शिकवले, ते आठवून पाहा. ‘फादर, मी वाईट वागलो’ एवढे पुरत नाही, असे त्या बजावीत. काय केले आणि किती वेळा, हे सांगायचे. आठ वर्षांच्या मुलाकडून आपण आत्म्याच्या बाबतीत जी नेमकी भाषा अपेक्षितो, ती पंधराव्या वर्षी गणिताच्या बाबतीत का मागत नाही?

आमच्या वर्गात असा ‘गणितात कच्चा’ शिक्का बसलेला एक मुलगा होता. पूर्वपरीक्षेत बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात त्याला ११ मिळाले होते. वडिलांनी त्याचा नाद जवळजवळ सोडला होता. तोही स्वतःला ‘ढ’ म्हणवून घेऊन मोकळा झाला होता. ढ असण्यात एक सोय असते, पुढे कुणी काही मागत नाही. त्याच्या जुन्या तीन उत्तरपत्रिका आम्ही दोघे घेऊन बसलो आणि प्रत्येक चुकीपुढे ती कशाची आहे, एवढेच लिहीत गेलो. सूत्र आठवले नाही, असे दोन ठिकाणी. प्रश्नच कळला नाही, असे तीन ठिकाणी. गुणाकार चुकला, एके ठिकाणी. आणि चौदा ठिकाणी एकच गोष्ट: कंसाबाहेर उणे चिन्ह असेल, तर कंस सोडवताना तो फक्त पहिल्या पदाचे चिन्ह बदलत होता. उणे कंसात ‘२क्ष उणे ७’ असले, की त्याच्या वहीत ‘उणे २क्ष उणे ७’ उतरे. अधिक ७ व्हायला हवे, ते होत नसे. समीकरणाची मांडणी बरोबर, पायऱ्या बरोबर, आणि उत्तर दर वेळी चूक. खोदून विचारले तेव्हा कळले, की आठवीत तो कावीळ होऊन तीन आठवडे घरी होता. वर्ग पुढे गेला, कंस मागे राहिला. दोन वर्षे त्या एका उणे चिन्हाने त्याला ढ ठरवले होते.

त्यानंतर रोज पंधरा मिनिटे त्याने केवळ कंस सोडवले. दहा उदाहरणे, चुकेल तितके ठिपके वहीतल्या एका आडव्या रेघेवर. पहिल्या दिवसाच्या रेघेवर सहा ठिपके होते. दुसऱ्या दिवशी सात, आणि तो निराश झाला. तिसऱ्या आठवड्यात रेघा मोकळ्या दिसू लागल्या. बोर्डाच्या परीक्षेत त्याला बीजगणितात काही दैदीप्यमान यश मिळाले नाही, तो बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण झाला. मात्र मध्यंतरी त्याने आणखी दोन दोष स्वतःच शोधून काढले होते, आणि ते मला दाखवताना त्याचा चेहरा एखाद्या चोराला पकडून आणणाऱ्या हवालदारासारखा झाला होता.

रेघेवरचे ते ठिपके ही माझी कल्पना नव्हे. आपल्यापैकी ज्यांनी कधी मौनसाधना केली असेल, त्यांनी ती ओळखली असेल. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ‘विशेष आत्मपरीक्षण’ म्हणून एक पद्धत दिली आहे. हे पुस्तक १५४८ साली रोममध्ये छापले गेले. माणसाने आपल्या सगळ्या दोषांशी एकदम झुंजू नये, एकच दोष निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनच्या प्रत्येक तासाचा हिशेब घ्यावा आणि तो दोष जितक्या वेळा घडला, तितके ठिपके एका रेघेवर मांडावेत. रात्रीच्या जेवणानंतर तसेच दुसऱ्या रेघेवर. सात दिवसांच्या अशा सात जोडरेघा. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी ताडून पाहावी, काल आजशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. दोष घडला त्या क्षणी छातीला हात लावावा, अशीही एक सूचना आहे; चारचौघांत असतानाही कुणाला न कळता हे करता येते, असे संत इग्नेशियस आवर्जून सांगतात. किती बारीक विचार! जमाखर्चाच्या वहीसारखी ही शिस्त एका सैनिकाने घालून दिली, आणि तीही आत्म्यासाठी.

या सैनिकाला शिकण्यातले दुबळेपण पुस्तकातून कळलेले नव्हते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, तेव्हा ते तिशीत होते. जीवनाची दिशा बदलल्यावर त्यांना उमगले, की आत्म्यांची सेवा करायची तर विद्या हवी, आणि विद्येसाठी लॅटिन हवे. म्हणून १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते बार्सिलोना शहरात आर्देवोल नावाच्या शिक्षकाकडे लॅटिनचे प्राथमिक धडे घेऊ लागले. आता खरी अडचण पाहा. क्रियापदांची रूपे पाठ करायला बसले, की त्यांच्या मनात अतिशय सुंदर आध्यात्मिक विचार येत. वरवर पाहता ही देवाची कृपाच! दुसरा कुणी असता तर व्याकरण बाजूला सारून ध्यानात रमला असता, आणि लोकांनी त्याचे कौतुकही केले असते. इग्नेशियस यांच्या मात्र ध्यानात आले, की प्रार्थनेला किंवा ख्रिस्तयागाला बसल्यावर असले उमाळे येत नाहीत. ते येतात पाठांतराच्या वेळीच. तेव्हा हा मोह आहे, असे त्यांनी ओळखले. ते शिक्षकांना सांता मारिया देल मार या देवळात घेऊन गेले आणि त्यांना सारे सांगून वचन दिले, की बार्सिलोनात पोटापुरते भाकर-पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे आपण एकही पाठ चुकवणार नाही. त्यानंतर तो त्रास पुन्हा झाला नाही, असे त्यांनी उतारवयात सांगितलेल्या आत्मकथनात नमूद आहे.

मला वाटते, आपले दुबळेपण ओळखण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. ते नेहमी आळसाच्या रूपाने येते असे नाही. पुष्कळदा ते आपल्या एखाद्या चांगल्या गुणाच्या पाठीमागे लपते. सुवाच्य अक्षर असलेली मुलगी टिपणे तीनतीनदा उतरवून काढते आणि एकदाही पाठ म्हणून पाहत नाही. बोलका मुलगा इतरांना समजावून सांगण्यात रमतो, कारण स्वतः लिहायचे टाळता येते. त्यांना कुणी रागावत नाही.

पुढे १५२८ च्या आरंभी इग्नेशियस पॅरिसला पोहोचले. तोवर अल्काला आणि सालामांका येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले होते, निदान नावापुरते. आपण घाई केली आणि आपला पाया कच्चा राहिला, हे त्यांनी स्वतःच ताडले. म्हणून पॅरिसच्या माँतेग्यू कॉलेजात ते पुन्हा लॅटिनच्या वर्गात, लहान मुलांच्या ओळीत बसले. तेव्हा त्यांचे वय सदतिसाच्या आसपास होते. पुढच्या वर्षी ते सांत बार्ब कॉलेजात गेले. तिथे त्यांच्या खोलीतले दोन सोबती म्हणजे पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. वयाने पंधरा वर्षे लहान असलेल्या फेबरकडून ते तत्त्वज्ञानाचे धडे समजावून घेत. येशूसंघाचा भावी संस्थापक आपल्या भावी शिष्याकडून अवघड पाठ शिकतो आहे, हे चित्र मला फार आवडते. आमच्या ओटीवर मोठ्या वर्गातला मुलगा धाकट्याला विचारायला लाजतो, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. तिचा परिणाम नेहमीच होतो असे नाही.

या पद्धतीला एक धोका आहे, आणि तो न सांगता पुढे जाणे बरे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने ठिपक्यांच्या रेघा पाहून स्वतःची वही सुरू केली. आठ दिवसांनी तिने ती दाखवली, तेव्हा चार पाने दोषांनी भरली होती. भूगोलातील नकाशे, इंग्रजीतील स्पेलिंग, अक्षराचा तिरपेपणा, उशिरा उठणे, मैत्रिणीशी फार बोलणे, आईला उलट उत्तर देणे. तिची आई मला वाटेत भेटली आणि म्हणाली, ‘‘सर, ती रात्री झोपत नाही. मी काही कामाची नाही, म्हणते.’’ मी त्या मुलीला एवढेच सांगितले, की यातला एक दोष ठेव आणि बाकीची पाने तुझ्या हाताने फाड. तिने नकाशे ठेवले. पाने फाडताना मात्र ती बराच वेळ थांबली.

संत इग्नेशियस यांनाही हे भोगावे लागले होते. १५२२ साली मान्रेसा येथे असताना आपले पापनिवेदन अपुरे राहिले, या शंकेने त्यांना इतके पछाडले, की जीव देण्याचे विचारही मनात येऊन गेले. सूक्ष्म आत्मपरीक्षणाची पद्धत घालून देणाऱ्या माणसाला त्या आत्मपरीक्षणाचा अतिरेक कसा असतो, हे जातीने ठाऊक होते. ‘एकच दोष निवडा’ या त्यांच्या नियमाचे मोल मला त्यामुळे अधिक वाटते. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून ज्या बातम्या येतात, त्या वाचताना आपल्यापैकी कोणत्या आईबापाच्या काळजात धस्स होत नाही? मुलाच्या उणिवांची यादी जेवणाच्या ताटापाशी वाचून दाखवणे म्हणजे त्याला अभ्यासाला मदत करणे नव्हे. शेजारच्या मुलाचे गुण त्या यादीला जोडणे तर मुळीच नव्हे. ठिपके ज्याचे त्याने मांडायचे असतात. आपण फार तर पेन्सिल द्यावी, आणि विचारले तर शेजारी बसावे.

इग्नेशियस यांच्या संघाचे लोक मरोळला नवखे नाहीत. आज जिथे सीप्झचा कारखान्यांचा परिसर आहे, तिथे कोंडिविट्याला १५७९ साली येशूसंघीयांनी संत योहान बाप्तिस्ता यांचे देऊळ उभारले. एकोणिसाव्या शतकात साथीच्या रोगामुळे ती वस्ती उठली, भाविक मरोळला आले आणि नव्या देवळाला शुभवर्तमानकार संत योहान यांचे नाव मिळाले. जुन्या देवळाच्या भिंती आजही झाडाझुडपांत उभ्या आहेत आणि मे महिन्यात तिथे ख्रिस्तयाग होतो. त्याच १५७९ सालच्या ऑक्टोबरात लिस्बनहून आलेल्या एका जहाजातून एक इंग्रज तरुण गोव्याच्या धक्क्यावर उतरला. तो होता थॉमस स्टीफन्स, आपला फादर स्टीफन्स.

‘ख्रिस्तपुराणा’चा हा कर्ता मराठीची थोरवी गाणारा म्हणून आपल्याला परिचित आहे. त्याने किती काळ आणि काय घोटले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. गोव्यात पाऊल ठेवल्यापासून सदतीस वर्षांनी, १६१६ साली, रायतूर येथे ते पुराण छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या! इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात वाढलेल्या माणसाच्या जिभेला आपला ‘ण’ ठाऊक नाही, ‘ळ’ ठाऊक नाही, ‘त’ आणि ‘ट’ यांतला आपला भेदही त्याच्या कानाला परका. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने पुराण रोमन लिपीत छापावे लागले, आणि त्या लिपीत या वर्णांना अक्षरेच नव्हती. तेव्हा ‘ण’साठी ‘एन’ दोनदा, ‘ळ’साठी ‘एल’ दोनदा, ‘ट’साठी ‘टी’ दोनदा, अशी सोय केली गेली. परक्या कानाला जिथे ठेच लागते, नेमकी तीच अक्षरे त्या पुस्तकात दुहेरी उमटलेली आहेत. त्याने कोकणी भाषेचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १६४० साली छापले गेले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची असल्याचे कौतुकाने सांगतो. आल्यापासून चारच वर्षांत इतक्या बारकाईने ऐकणारा हा मनुष्य होता.

हा ‘ळ’ मला मरोळमध्ये पदोपदी भेटतो. आमच्या गावाच्या नावातच तो आहे, आणि निम्मे गावकरी ‘मरोल’ म्हणतात. साष्टीच्या आपल्या जुन्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’: डोले, कालोख, पानी. ही उणीव आहे, असे मी कधीही म्हणणार नाही. आमच्या आयांनी याच बोलीत अंगाई म्हटली आणि लग्नाच्या उंबराच्या पाण्याची गाणी याच बोलीत आहेत. आपली खरी दुबळी जागा कोणती आणि आपला वारसा कोणता, हे ओळखणे हाही आत्मपरीक्षणाचाच भाग. शहरातल्या शाळांनी आपल्या कित्येक मुलांना बोलीची लाज वाटायला शिकवले; त्या पापाचा हिशेब कुणी मागितला नाही. असो. परंतु पवित्र शास्त्राचे वाचन प्रमाण मराठीत होते, आणि तिथे मात्र ‘ळ’ला पर्याय नाही.

आमच्याकडे पन्नाशीच्या एक ताई देवळात पहिले वाचन करतात आणि गावठाणातल्या क्रुसापाशी रोझरीला शास्त्रातला उतारा वाचतात. आवाज खणखणीत, वाचन भक्तिपूर्ण. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत प्रकाशाची रहस्ये घातली, त्यांतले दुसरे काना गावच्या लग्नाचे. त्या प्रसंगात प्रभू येशू आपल्या आईला आपल्या वेळेविषयी काही सांगतो. ताईंच्या तोंडी त्या शब्दाचा ‘वेल’ झाला. द्राक्षारसाच्या गोष्टीत वेल तसा शोभूनही गेला. शिवाय याच संत योहानच्या शुभवर्तमानात पुढे द्राक्षवेलाचा दाखला आहेच. ऐकणाऱ्या एका कॉलेजकुमाराला हसू आवरले नाही. ताईंनी ते पाहिले.

दुसरी कुणी वाचन सोडून दिले असते. ताईंनी दुसऱ्या दिवशी मला ओटीवर गाठले आणि विचारले, ‘‘सर, माझा नक्की कुठला शब्द चुकतो?’’ शब्द नव्हे, एक अक्षर चुकत होते. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागते आणि झटकन सुटते. एवढे समजल्यावर त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जोड्या लिहून घेतल्या: काल आणि काळ, बाल आणि बाळ, वेल आणि वेळ. अख्ख्या उताऱ्याची तालीम नाही, फक्त त्या जोड्या. भाजी चिरताना, नळाला पाणी येण्याची वाट पाहताना, मरोळ नाक्याहून घाटकोपरला जाताना मेट्रोत मनातल्या मनात. नातू शेजारी बसून चूक झाली की बोट वर करी. त्यालाही आपल्या वहीतले ‘ळ’ त्यानिमित्ताने दिसू लागले, हा वरकड लाभ.

पुढच्या मे महिन्यात क्रुसापाशी पुन्हा प्रकाशाची रहस्ये आली, तेव्हा ताई त्या वाक्यापाशी क्षणभर थांबल्या. मग ‘वेळ’ स्वच्छ उमटली. तो कॉलेजकुमार त्या दिवशी हजर नव्हता. तो कागद अजून त्यांच्या प्रार्थनापुस्तकात आहे. मागच्या बाजूला आता ‘ण’चे शब्द उतरले आहेत: करुणा, वाणी, प्राण. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, कानाच्या त्याच गोष्टीतले पाणी.